नाव बरोबर आलंय ना?

आमच्या हौशी नाट्यसंस्थेत मी चौदा वर्षं प्रॉम्प्टर आहे. म्हणजे विंगेत, अंधारात, मांडीवर संहिता आणि हातात एवढासा टॉर्च घेऊन बसायचं आणि समोरचा वाक्य विसरला की ते त्याला पुरवायचं. काम तसं शांत. निदान असायला हवं. मागे एका प्रयोगानंतर एक गृहस्थ मुद्दाम येऊन म्हणाले, "तुमचं काम फार आवडलं." मी म्हटलं, "अहो, मी स्टेजवर नव्हतेच." ते म्हणाले, "ते असू द्या. सगळ्यांत स्पष्ट तुमचंच ऐकू आलं."

तर अशा मला यंदा बढती मिळाली. २७ मार्च, म्हणजे जागतिक रंगभूमी दिन. त्या दिवशी संस्थेच्या येत्या वर्षाची बातमी वर्तमानपत्रात द्यायची असं ठरलं. नाटकं कोणती, कधी, कुठे, आणि करणारी माणसं कोण. सगळं मिळून एक पान. ते मी लिहायचं, कारण अप्पा म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे." ते मोबाइलवर टाइप करून पाठवायचं होतं, पण हे सांगून उपयोग नव्हता. मीटिंगमध्ये सगळे एकदम ज्याच्याकडे बघतात, त्याचं अक्षर चांगलं असतं.

संस्थेचं नाव मी इथे देत नाही. माणसांचीही देणार नाही. नावं एकदा दिली, तेवढं पुरे झालं.

अप्पा आमचे अध्यक्ष. २६ जून १९६८ ला बालगंधर्व रंगमंदिराचं उद्घाटन झालं तेव्हा ते हाफ पँटमध्ये, वडिलांचं बोट धरून बाहेर रस्त्यावर उभे होते. आमची प्रत्येक मीटिंग त्या रस्त्यावरून निघते. वार्षिक सभा असो, नाहीतर चहावाल्याची बाकी किती याची चर्चा असो, आधी १९६८. तिथून निघालेली गाडी साधारण चाळीस मिनिटांत चालू वर्षात पोचते. तोवर चहा संपलेला असतो आणि बाकी वाढलेली असते.

त्या दिवशी गाडी पोचली आणि शीर्षकावरच पंक्चर झाली. आमची नवीन दिग्दर्शिका सव्वीस वर्षांची आहे. हुशार मुलगी. ती म्हणाली, "ताई, वर 'सीझन अनाउन्समेंट' टाका ना."

"सीझन आंब्याचा असतो," अप्पा म्हणाले.

"मग हंगाम म्हणा," आमचे नेपथ्यवाले नाना म्हणाले.

"हंगाम उसाचा. गळीत हंगाम."

"गळती आपल्यातही आहेच," खजिनदारबाई म्हणाल्या. त्या वर्गणीच्या वहीतून मान वर न काढता बोलतात, पण नेमकं बोलतात.

'पर्व' नको, कारण पर्व टीव्हीवर असतं. 'मोसम' म्हटलं की हवामान खातं आठवतं. शेवटी 'आगामी नाट्यवर्ष' यावर एकमत झालं, कारण दहा वाजत आले होते आणि दारात मामा किल्ल्या वाजवायला लागले होते.

मामांबद्दल सांगायलाच हवं. सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा एक वर्ग आम्हाला तालमीला मिळतो, साडेसात ते दहा. बाकं मागे ढकलायची, मधल्या जागेत राजवाडा नाहीतर चाळ कल्पायची, आणि जाताना बाकं होती तशी लावायची. मामा त्या शाळेचे शिपाई. पावणेदहाला ते दारात येऊन उभे राहतात आणि दहाला पाच कमी असताना जुडगा हलवतात. चौदा वर्षांत आमच्या सगळ्या नाटकांची शेवटची पंधरा मिनिटं त्यांनी प्रत्येकी चाळीस वेळा पाहिली आहेत. सुरुवात एकाचीही नाही.

पुढचा वाद 'क्रिएटिव्ह टीम' या शब्दाचा. मी त्याचं 'सर्जनशील चमू' केलं. 'चमू' ऐकून दोघांना हसू आलं, आणि 'सर्जनशील' ऐकून नटमंडळींना राग. "दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश हे सर्जनशील, मग आम्ही काय?" मी म्हटलं, "तुम्ही नटसंच." त्यावर आमच्या सगळ्यांत ज्येष्ठ अभिनेत्री, ज्यांना सगळे माई म्हणतात, म्हणाल्या, "संच चहाच्या कपांचा असतो गं." त्यानंतर मी निवेदनात 'आणि मंडळी' इतकंच लिहायचं ठरवलं. पण तेही पुढे टिकलं नाही.

आता नाटकं. येत्या वर्षात तीन. पहिलं मे महिन्यातलं बालनाट्य. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. सव्वीस मुलं, तेवढेच ससे आणि झाडं, बावन्न आईवडील, शंभरेक आजीआजोबा. हॉल भरतो आणि वर्षाचा खर्च सुटतो. आमची प्रयोगशील नाटकं खरं म्हणजे या सशांच्या जिवावर चालतात.

तिसरं फेब्रुवारीत, एक दीर्घांक, म्हणजे मध्यंतर नसलेलं एकाच अंकाचं नाटक, सुदर्शन रंगमंचासारख्या एखाद्या छोट्या जागेत. मोठ्या नाट्यगृहात तारीख मागायला आम्ही एकदा गेलो होतो. शनिवार-रविवार व्यावसायिक नाटकांना गेलेले असतात. आम्हाला मिळाला मंगळवार, दुपारी साडेबारा. पुण्यात मंगळवारी दुपारी साडेबाराला नाटकाला येणारा माणूस फक्त एक वाजता झोपायची जागा शोधत असतो. त्या प्रयोगाला समोरून जो आवाज येत होता त्याला आम्ही पहिल्या अंकात दाद समजलो.

खरी गोष्ट मधल्या नाटकाची. राज्य नाट्य स्पर्धेसाठीचं दोन अंकी. त्याच्यावर संस्थेचा जीव.

दिग्दर्शिकेला आधी संहिताच नको होती. तालमीत सगळ्यांनी मिळून सुचेल तसं उभं करायचं, असं तिचं म्हणणं. अप्पांनी शांतपणे विचारलं, "आणि परिनिरीक्षण मंडळाला काय पाठवायचं? आपले चेहरे?" ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, तिथून प्रमाणपत्र येतं. स्पर्धेच्या प्रवेशिकेबरोबर ते लागतं आणि लेखकाचं परवानगीपत्रही. म्हणजे कुणाला काय सुचणार आहे ते सुचण्याआधी लिहून द्यावं लागतं. मुलगी हिरमुसली. पण मग तिनंच एक जुनं, चांगलं नाटक शोधून आणलं. वाचन झालं, सगळ्यांना आवडलं. अडचणी दोनच होत्या.

पहिली अडचण, त्यात पुरुष नऊ आणि स्त्रिया दोन. आमच्याकडे नेमानं येणाऱ्या स्त्रिया अकरा आणि पुरुष चार. त्या चारांतले एक अप्पा, एक नाना, एक प्रकाशयोजनावाले, म्हणजे नट असा एकच. जुनी नाटकं आणि आजच्या हौशी संस्था यांचं हे गणित कधीच जुळत नाही. त्यामुळे गेल्या दहा वर्षांत आमच्या रंगमंचावर सासरे असे झालेलेच नाहीत, सगळ्यांच्या सासवा झाल्या. वकील, डॉक्टर, इन्स्पेक्टर, गावचे सरपंच, सगळ्या बायका. एका कार्यक्रमात कुणीतरी आमचं 'जाणीवपूर्वक स्त्रीकेंद्री रंगभूमी' म्हणून कौतुक केलं. अप्पांनी ते फार नम्रपणे स्वीकारलं.

जो एक नट आहे, तो वाकडहून येतो. येतो म्हणजे निघतो. तालमीच्या पहिल्या तासात तो चांदणी चौकात असतो आणि दुसऱ्या तासात कॉलवर. एका कानात ऑफिस आणि दुसऱ्या कानात मी. संहितेत नायक 'वय वर्षे पंचवीस' आहे, हा सत्तेचाळीसचा. गुडघा टेकून मागणी घालायच्या प्रसंगात टेकण्याची अडचण नाही, उठण्याची आहे. परवा नायिकेनं "तू मला विसरणार तर नाहीस?" असं डोळ्यांत पाणी आणून विचारलं, तर हा म्हणाला, "सोमवारपर्यंत पाठवतो." दिग्दर्शिका क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "हे ठेवू या का?"

दुसरी अडचण परवानगीची. लेखक आता नाहीत. मुलगा नाशिकला, मुलगी अमेरिकेत. मुलगा फार सज्जन. म्हणाला, "माझी काहीच हरकत नाही, फक्त ताईला एकदा विचारा." ताई त्याहून सज्जन. "दादा हो म्हणाला की माझंही हो समजा." दोघंही होच म्हणत होते, पण आधी दुसऱ्यानं म्हणावं या अटीवर. त्यात आम्हाला काकांची आत्या आणि मुनीमजींची मुनीमबाई करायची होती, त्याचीही परवानगी हवी. बदल न विचारता करायचे नाहीत, हा अप्पांचा नियम आहे आणि तो बरोबर आहे. तर पत्र येईपर्यंत नाटकाचं नाव जाहीर करायचं नाही असं ठरलं. मी निवेदनात अवतरणचिन्हं टाकून मध्ये जागा सोडली. नाव आलं की भरू.

आणि नामावलीकडे वळले. इथून पुढे मला झोप कमी लागली.

हौशी रंगभूमीवर मानधन नसतं. पेट्रोल आपलं, वडापाव आपला, कपडे बहिणीच्या लग्नातले. मिळतं ते एकच, छापलेलं नाव. त्यामुळे व्यावसायिक मंडळी पैशांवरून जेवढं भांडतात तेवढं आमच्याकडे नावावरून भांडावंच लागतं. त्यात वर्तमानपत्रवाल्यांनी सांगितलेलं, दीडशे शब्दांच्या वर नको. माणसं एकतीस. नाव आणि आडनाव धरून बासष्ट शब्द. प्रत्येकाचं काम लिहिलं की सव्वाशे. उरलेल्या पंचवीस शब्दांत संस्था, तीन नाटकं, स्पर्धा आणि जागतिक रंगभूमी दिन.

क्रम कसा लावायचा? ज्येष्ठतेनं म्हटलं तर ज्येष्ठता वयाची की सभासदत्वाची? वयाची म्हणताच सगळ्या बायका सभासदत्वावर आल्या. भूमिकेच्या लांबीनं म्हटलं, तर दुसऱ्याच दिवशी एकीनं मला हिशोब पाठवला: "माझी वाक्यं एकेचाळीस. तिची अडतीस, त्यात नुसतं 'हो' नऊ वेळा." मग मी अकारविल्हे काढलं. कुणाला बोलायला जागाच नको. तर विचारणा झाली, नावानं की आडनावानं? नावानं लावलं की आडनावानं पुढे असलेले मागे जातात, आणि उलट. आमच्याकडे एक ज्ञानदा आहे. ती काहीच बोलली नाही. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. पहिलीपासून हजेरीत शेवटी असलेल्या माणसाचं ते पाहणं होतं.

माईंनी मात्र स्वतःच सांगितलं, "मला मेलीला शेवटीच टाक हो, काही हरकत नाही. फक्त आधी 'आणि' घाल." नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांची नावं झाल्यावर 'आणि' लिहून जे नाव येतं, ते मानाचं. माईंचा हक्कच होता. पण 'आणि' मिळणार म्हटल्यावर आणखी दोघींना शेवटी जायची इच्छा झाली. आता एका वाक्यात 'आणि' किती घालणार! मी एकीला 'तसेच' दिलं. दुसरी मराठीची शिक्षिका. तिला 'व' दिला, 'व' जास्त शुद्ध आहे असं सांगून. ती खूष झाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला, "अगं, 'व' दोन शब्द जोडतो. मला नक्की कुणाला जोडलंयस?"

पडद्यामागच्या लोकांचं आणखी वेगळं. नाना तीस वर्षं नेपथ्य करतात. बोहरी आळीतले खिळे, बिजागऱ्या आणि बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातून आणलेल्या वस्तू यांतून ते काहीही उभं करतात. संस्थेचे फ्लॅट, म्हणजे स्टेजवर उभ्या करायच्या रंगवलेल्या चौकटी, तीनच आहेत. ते राजवाडा झालेत, चाळ झालेत, इस्पितळ झालेत, एकदा समुद्रही झालेत. रंगावर रंग चढून त्यांची जाडी आता एवढी झाली आहे की गेल्या वर्षी विंगेतून एंट्री घेणारी माणसं तिरकी यायला लागली. दिग्दर्शिकेनं यादीत नानांच्या वर आणखी एक नाव लिहिलं होतं आणि पुढे लिहिलं होतं 'सिनॉग्राफी'.

"सिनॉग्राफी म्हणजे?" नानांनी विचारलं.

"तेच काका. पण विचार करून."

पोरीच्या मनात काही नव्हतं. पण नाना त्यानंतर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. हातोडीसुद्धा हळू मारत होते. वाद मिटवला तो स्पर्धेच्या अर्जानं. राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्याला, प्रकाशयोजनेला, रंगभूषेला वेगवेगळी पारितोषिकं असतात, आणि अर्जात त्या त्या नावाचा रकाना. सिनॉग्राफीचा रकाना नाही. नानांनी चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सरकारनं विचार केलेला दिसतो."

पार्श्वसंगीतातही एकाचे दोन झाले, 'संकल्पना' आणि 'संयोजन'. संकल्पना म्हणजे गाणं ठरवणं. संयोजन म्हणजे ते वेळेवर दाबणं. संयोजनवाल्या मुलानं मागच्या वर्षी स्पीकर स्वतःच्या फोनला ब्लूटूथनं जोडला होता. दुसऱ्या अंकात आजोबा प्राण सोडत असताना त्याच्या आईचा फोन आला आणि नाट्यगृहभर नाशिक ढोल वाजला. आजोबा (म्हणजे आजीच, भूमिका बदललेली) तशाच पडून राहिल्या, पण खांदे हलत होते. प्रेक्षकांना वाटलं, घरघर.

ढोलावरून आठवलं. निवेदनात तालमींचं वेळापत्रकही द्यावं, म्हणजे नव्या मुलांना येता येईल, अशी कुणाची तरी सूचना होती. मी कॅलेंडर घेऊन बसले. जून-जुलैपासून गणपतीपर्यंत तरुण मंडळी ढोलपथकाच्या सरावाला नदीकाठी. मग गणपती. मग त्यांचे हात आखडलेले आणि कान बंद. मग नवरात्र, तेव्हा माई उपासानं थकलेल्या. मग दिवाळी, तेव्हा खजिनदारबाई फराळाच्या ऑर्डरी घेतात. दिवाळीनंतर बघता बघता प्राथमिक फेरी. तालमीला सलग मोकळे दिवस निघाले अकरा. वेळापत्रक छापायचं नाही असं मी एकटीनंच ठरवलं.

मग आले परिचय. मागितले नव्हते, तरी आले. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा भरवते. त्यामुळे पुण्यात कुठल्याही गर्दीत कोपर मारलं तर ज्याला लागतं तो 'अभिनय, उत्तेजनार्थ' निघतो. आमच्याकडे सात आहेत. प्रत्येकाला ते नावापुढे हवं, सालासकट. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं होतं, पुण्यात तेव्हा बरीच चर्चा झाली. त्या वर्षीचा आमचा एक मुलगा आहे. त्यानं लिहून पाठवलं: 'पुरुषोत्तम २०२२, ज्या वर्षी आमच्यापुढे कोणीही पहिले नव्हते.' वाक्य खोटं नाही म्हणून मला ते खोडवेना. पण दीडशे शब्दांत बसेना म्हणून खोडलं.

शेवटी राहिले 'विशेष आभार'. शाळा, चहावाला, टेम्पोवाला आणि मामा. मामांचं नाव लिहायला गेले आणि लक्षात आलं, मला ते माहीतच नाही. कुणालाच नव्हतं. अप्पांना १९६८ चं हवामान माहीत होतं, पण मामांचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन पुढे केलं. त्यांनी किल्ल्या बाकावर ठेवल्या, हात शर्टाला पुसले आणि पूर्ण नाव लिहून दिलं. वेलांट्या, आडनावातला अनुस्वार, सगळं जिथल्या तिथे. अक्षर माझ्याहून कितीतरी चांगलं. हे निवेदन खरं म्हणजे त्यांनी लिहायला हवं होतं.

२६ तारखेला रात्री नऊला नाशिकहून फोन आला. भावाबहिणीचं एकमत झालं. पत्र मेल केलं, आत्याही मंजूर आणि मुनीमबाईही. मी आनंदानं ग्रुपवर कळवलं. ग्रुपवर त्याच वेळी 'तसेच' आणि 'आणि' यांत मोठं कोण हे चाललं होतं, त्यामुळे अंगठेसुद्धा दोनच आले. मग अकरापर्यंत दुरुस्त्या. एकीच्या आडनावातला ऱ्हस्व दीर्घ. दोघांच्या नावांमधला स्वल्पविराम, कारण तो नसला की ते नवराबायको वाटत होते. नानांना 'नेपथ्य' जाड ठशात. ज्ञानदाला मी शेवटी कुणालाही न विचारता पहिली घातली. वरती कंसात नियम लिहिला, 'उलट्या अकारविल्हे'. बारा वाजायला दहा कमी असताना पाठवून दिलं आणि फोन उशीखाली ठेवून झोपले.

सकाळी छापून आलं. अगदी जसंच्या तसं, एक अक्षर न कापता. असं कधी होत नाही. सात वाजल्यापासून फोन सुरू. माईंचा आला, 'आणि' ठसठशीत आलाय म्हणून. नानांनी कात्रण लॅमिनेट करायला टाकलं होतं. 'व'वाल्या बाईंनी सांगितलं, वाचताना तो 'व' फार एकटा वाटतो, पण असू दे. वाकडच्या नायकाचा मेसेज आला, 'छान झालंय, कॉलवर आहे.' अप्पांनी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, फोनवर, मला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

अप्पा वाचत होते तेव्हा मला ते ऐकू आलं. म्हणजे ऐकू आलं नाही. "संस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेत," इथे अप्पांनी श्वास घेतला, "हे दोन अंकी नाटक सादर करणार आहे." आणि ते तसेच पुढे नावांकडे गेले.

मी पेपर उघडून पाहिला. अवतरणचिन्हं होती आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ पांढरी जागा.

दिवसभर मी वाट पाहिली. तेवीस फोन आले, ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज झाले. दिग्दर्शिकेनं बातमीचा फोटो स्टेटसला लावला. नाशिकहूनही फोन आला, बाबांचं नाव किती मोठ्या टायपात आलंय म्हणून. नाटकाच्या नावाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. चौदा वर्षं सगळ्यांना विसरलेली वाक्यं पुरवणारी मी, पण मला त्या रात्री कुणी पुरवलं नव्हतं, आणि आता आपणहून सांगावं एवढी काही माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी तालमीला गेले. दहाला पाच कमी असताना मामा दारात आले, पण किल्ल्या वाजल्या नाहीत. हातात पेपर होता, चौघडी केलेला.

"मॅडम, माझं नाव बरोबर आलंय. अनुस्वारसुद्धा."

"हो ना मामा."

"पण नाटकाचं नाव नाही छापलं त्यांनी?"

मी आजूबाजूला पाहिलं. सगळे बाकं लावत होते. मी हळूच नाव सांगितलं, विंगेतून सांगावं तसं.

मामांनी मान डोलावली, पेपर खिशात घातला. "असू द्या. आपल्याला काय, कुलूप लावेपर्यंत थांबायचंच आहे."